मधल्या कॉम्रेडवर टीका

आमच्या बंदरात एकेकाळी म्योंगते मासा इतका यायचा, की कुत्रीसुद्धा त्याला हुंगून पुढे जायची. हे खरं. आणि त्या माशांच्या पाठीवर पाय देत देत माझा नवरा समोरच्या बेटापर्यंत चालत गेला आणि कोरडे बूट घेऊन परत आला, हे मी सांगते म्हणून खरं. सल्मे लहान होती तेव्हा विचारायची, "मग पुढे?" आता बावीस वर्षांची झालीय. मी गोष्ट काढली की नुसतं "हं" म्हणते.

सल्मे माझी नात. माझ्या थोरल्याची, मान-सोकची मुलगी. मान-सोक एका नोव्हेंबरात माकुलं धरायला लाकडी बोटीतून गेला. जवळच्या पाण्यात काही उरलं नव्हतं, म्हणून लांब गेले. इंजिन जुनं. परत आले नाहीत. पलीकडे जपानच्या किनाऱ्याला तशा बोटी लागतात म्हणे. कधी रिकाम्या, कधी रिकाम्या नसलेल्या. त्यांतली त्याची कुठली ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला? सल्मेची आई त्याआधीच नदी ओलांडून गेली होती. तिचं पुढे काही कळलं नाही. मग आम्ही दोघीही निघालो. नदी, मग चीन, मग डोंगर, मग थायलंड, मग विमान.

आता इंचनमध्ये सरकारनं दिलेल्या फ्लॅटात राहतो. आजूबाजूला सगळे आमचेच. आम्ही उत्तरेच्या आमच्या देशाला 'वरचं गाव' म्हणतो आणि दक्षिणेच्या या देशाला 'खालचं गाव'. ऐकणाऱ्याला वाटावं, एक जिना चढला की घर.

रडलो का, म्हणून इथल्या समाजसेवेच्या बाईनं विचारलं होतं. रडायचं राहून गेलं. आधी वेळ नव्हता. नंतर वेळ मिळाला, तर कुठे ठेवलंय तेच सापडेना. सल्मेचंही तसंच. पोरगी खाते, पिते, कामाला जाते, अभ्यास करते. चिडत नाही, हसत नाही. फ्रिजसारखी. आत दिवा आहे, पण दार उघडल्याशिवाय कळत नाही.

तर एके दिवशी ही पोरगी भांडी घासता घासता म्हणाली, "आज्जी, मी जहाजाच्या कॉलेजात अर्ज करणार आहे."

"जहाजात काय करणार? स्वयंपाक?"

"जहाज चालवणार. अधिकारी व्हायचंय. चार वर्षांचा कोर्स आहे."

माझ्या हातातलं लसणाचं सालपट हातातच राहिलं. मी म्हटलं, "बरं."

वरच्या गावी हा प्रश्नच आला नसता. युद्धात माझ्या सासऱ्यांचा भाऊ पळून खाली आला होता. त्याचा डाग आमच्या घराला लागला तो लागलाच. मान-सोक वर्गात पहिला, तरी त्याला कॉलेजचं दार दिसलं नाही. आणि सल्मे तर त्यातून मुलगी. बाजारात टोफू विकायला आकडे वाचता आले की झालं शिक्षण, असं तिचे मास्तरच म्हणायचे. खालच्या गावी आल्यावर तिनं सगळं पहिल्यापासून काढलं. दिवसा मटणाच्या हॉटेलात टेबलं पुसायची, संध्याकाळी आमच्या पोरांसाठी चालवलेल्या शाळेत जायची. इथले लोक अर्धं इंग्रजीत बोलतात. तिनं ते शब्द कढईतल्या मोड आलेल्या सोयाबीनसारखे एकेक करून निवडले. शाळेची परीक्षा पास झाली. दक्षिणेला समुद्रकाठच्या एका कॉलेजात आमच्यासारख्यांसाठी थोड्या जागा राखलेल्या असतात. नाव सांगत नाही, उगाच त्यांना उचक्या. तिथे मुलाखत चांगली झाली की जागा, नाही झाली की परत टेबलं पुसा. एवढंच होतं.

आमच्या इमारतीखाली एक छपरी आहे. तिथे आम्ही म्हाताऱ्या बसतो. तिथे मी बातमी सांगितली आणि हेसानची तान्शिल पायावर भाजी आपटून हसली. तान्शिल माझी मैत्रीण. माझ्यावर विश्वास न ठेवणं हा तिचा धंदाच आहे.

"मुलगी आणि जहाज? अगं, तुमच्याच बंदरात बाई बोटीवर चढली की मासे पळतात म्हणायचे ना?"

"पळायचे कसले? पळायला मासे उरलेच कुठे होते?"

"आणि लग्न? तिशीला टेकेल पोरगी समुद्रात. कोण करील?"

"मासा करील."

"तुझं काय, तू माशालासुद्धा हुंडा मागशील. पण खरं सांग, सल्मेच्या आजी. तिच्या बापाला ज्यानं गिळलं, तिथेच पोरीला पाठवतेस?"

मी भाजी निवडत राहिले. याच्यावर सांगण्यासारखी एकही गोष्ट माझ्याकडे नव्हती. मी म्हटलं, "मी कुठे पाठवतेय? ती जातेय."

मुलाखतीची तयारी घरी सुरू झाली. संध्याकाळच्या शाळेतली एक मास्तरीण घरी यायची. केस कापलेली, गोड बोलणारी, खालच्या गावची. ती म्हणे, "सल्मे, स्वतःबद्दल चांगलं बोलायचं. मी जिद्दी आहे, मी नेतृत्व करू शकते, असं. डोळ्यात बघून."

सल्मे म्हणाली, "मी जिद्दी आहे." 'मला ताप आहे' म्हणावं तसं.

"अजून जोरात. अभिमानानं."

"मी जिद्दी आहे."

मास्तरीण निघून गेल्यावर सल्मे म्हणाली, "आज्जी, स्वतःचं कौतुक करायचं म्हणजे रस्त्यात उघडं होऊन अंघोळ करण्यासारखं वाटतं गं."

"मग मी करते तुझं कौतुक. तू ते पाठ कर. म्हण, मी लहानपणी वादळात पायाच्या अंगठ्यानं सुकाणू धरून बोट किनाऱ्याला लावली."

"हं."

तिचाही दोष नव्हता. आम्हाला लहानपणापासून उलटंच शिकवलेलं. वरच्या गावी दर शनिवारी बैठक असते. शाळेत, कारखान्यात, शेतात, मोहल्ल्यात, कुणी सुटत नाही. एकेकानं उभं राहायचं. आधी नेत्याचं एक वचन म्हणायचं. मग आठवड्यातले आपले दोष सांगायचे. मी उशिरा आले, मी कमी काम केलं, माझं मन ढिलं पडलं. आणि मग, हे महत्त्वाचं, समोर बसलेल्यांपैकी कुणातरी एकावर टीका करायची. नाव घेऊन. ज्याच्यावर टीका झाली त्यानं उठून म्हणायचं, 'मान्य आहे.' तो तसं म्हणेपर्यंत टीका करणारा उभाच. बाकीचे हात गुडघ्यावर ठेवून गप्प.

यात शहाणे लोक आधी ठरवून यायचे. "या शनिवारी तू मला टोच, पुढच्या शनिवारी मी तुला. हळू टोच हं." मी एकदा उभी राहून सांगितलं होतं, की भाषण चालू असताना माझ्या मनात थंड शेवयांचा विचार आला, आणि तोही मोहरी घातलेल्या. पूर्ण सभागृहाच्या तोंडाला पाणी सुटलं. हसायची सोय नव्हती, म्हणून लोक खोकले. इतके खोकले, की डॉक्टर बोलवावा लागला. डॉक्टर मी घातलाय. शेवया खऱ्या.

सल्मे सात वर्षांची असल्यापासून त्या बैठकीत उभी राहिलेली. इथे येऊन बरीच वर्षं झाली होती. आम्हाला वाटलं, ते मागे राहिलं असेल.

मुलाखतीला मी सोबत गेले. नको म्हणत होती, पण बसमध्ये उकडलेली अंडी सोलून द्यायला कुणीतरी हवं. कॉलेज अगदी पाण्याला लागून. धक्क्याला एक पांढरं जहाज बांधलेलं, मुलं ज्यावर शिकतात ते. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. सल्मेनं दुकानातून भाड्यानं आणलेला काळा कोट घातला होता, खांद्यात जरा मोठा. कोट आत गेला, दार लागलं.

बाहेर आली तेव्हा चेहरा गेला तसाच होता. आम्ही बसस्टॉपजवळ एका गाडीवर माशाच्या वड्या खायला उभ्या राहिलो. गरम रश्श्याचा कागदी कप तिनं दोन्ही हातांत धरला.

"झालं?"

"झालं."

"काय विचारलं?"

तेव्हा तिनं सांगितलं. आता मी सांगते ते जसंच्या तसं आहे. मी तिला वाटेत पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय. एरवी मी कुठेही मीठमसाला घालते, पण इथे घालायला जागाच नव्हती.

आत पाच जण एकदम बोलावले होते. सगळे वरच्या गावचे. चार पोरं आणि ही. समोर टेबलामागे तिघं. डावीकडे एक चष्म्यावाली बाई, उजवीकडे एक तरुण, आणि मधे एक जाडजूड गृहस्थ, जुने कॅप्टन, आता प्रोफेसर. बहुतेक प्रश्न हे मधलेच विचारत होते. पहिल्या पोराला विचारलं, धुक्यात जहाज कसं न्यायचं. दुसऱ्याला विचारलं, वादळाची खूण काय. तिसऱ्याला माल बांधण्याबद्दल. चौथा एक लांब मानेचा होता, त्याला विचारलं, भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर आधी काय करशील. तो धडाधड म्हणाला, वायरलेसवर कळवायचं, नांगर पाहायचा, असं काय काय.

मग हिची पाळी. मधल्यांनी कागद खाली ठेवला, हसले. वाईट नाही, मायेनंच हसले म्हणे. विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंय?"

"काही नाही."

"लग्न झालं आणि नवरा म्हणाला जहाज सोड, तर? आम्ही चार वर्षं शिकवायचं आणि तू घरी बसणार?"

"नाही बसणार."

"महिनोन्महिने सगळ्या पुरुषांत एकटी राहशील. घरचे हो म्हणालेत का?"

"आज्जी आहे. ती बाहेर बसलीय."

झालं. एवढेच प्रश्न. मग त्यांनी सगळ्यांना मिळून शेवटचं विचारलं, "आपला एखादा दोष सांगा."

पोरं तयार होती. कुठल्यातरी मास्तरणीनं त्यांनाही पढवलेलं. एक म्हणाला, मी फार मेहनत करतो, विश्रांती घेत नाही, हा माझा दोष. दुसरा म्हणाला, मी सगळ्यांना मदत करत सुटतो. तान्शिल असती तर तिथेच म्हणाली असती, वा रे दोष, असे दोष बाजारात मिळाले तर दोन किलो द्या.

हिची पाळी आली आणि ही उभी राहिली.

बाकी कुणी उभं राहिलं नव्हतं. ही राहिली. हात सरळ खाली, नजर समोरच्या भिंतीवर. नेत्याचं वचन जिभेवर आलं होतं, ते गिळलं म्हणे. आणि म्हणाली, "गेल्या आठवड्यात मी कामाच्या वेळी पेंगले. इंग्रजी शब्द पाठ करायचे सोडून झोपले. आज्जी बोलत असताना ऐकल्यासारखं केलं, ऐकलं नाही. माझं मन ढिलं पडलं, हे याचं कारण आहे. पुढच्या आठवड्यात मी हे दोष दूर करीन."

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण इथे थांबत नाहीत ना. निम्मी बैठक अजून बाकी असते.

"आता मी मधल्या कॉम्रेडवर टीका करते," सल्मे म्हणाली. "मधल्या कॉम्रेडनी या चौघांना समुद्राबद्दल विचारलं. मला लग्नाबद्दल विचारलं. जहाजाबद्दल मला एकही प्रश्न विचारला नाही. मी तयारी करून आले होते. मधल्या कॉम्रेडनी हा दोष ओळखावा आणि दूर करावा."

आणि उभी राहिली.

राग नव्हता तिला. ते मी खोदून खोदून विचारलं. शनिवारी मोहल्ल्यात 'कॉम्रेड रिमनी गटार साफ केलं नाही' म्हणतात, तशा आवाजात. वर नाही, खाली नाही.

चष्म्यावाल्या बाईचं पेन थांबलं. तरुण खोकला. मधले म्हणाले, "बस, बस खाली."

ही बसली नाही. मी विचारलं, "का गं नाही बसलीस? हट्ट?"

"नाही. मला वाटलं, अजून संपलं नाही."

आणि ती चार पोरं. हसत बसलेली, पाय पसरलेली. त्यांचे हात कधी गुडघ्यांवर गेले त्यांचं त्यांना कळलं नाही. पाठी सरळ. लांब मानेचा तर अर्धवट उठलाच. चौघेही मधल्यांकडे बघायला लागले. खोलीतल्या त्या बाजूला सगळ्यांना माहीत होतं पुढे काय व्हायचं असतं. टेबलाच्या त्या बाजूला कुणालाच माहीत नव्हतं.

"बसा," मधले पुन्हा म्हणाले. या वेळी अहोजाहो.

कुणी हललं नाही. बाहेर जहाजाचा भोंगा वाजला म्हणावं, तर तोही वाजला नाही. मधल्यांनी डावीकडे बघितलं, बाई कागदावर बघत होती. उजवीकडे बघितलं, तरुण खिडकीबाहेर बघत होता. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि उठले. इथे तुम्ही म्हणाल म्हातारीनं घातलं. नाही घातलं. उठले. मान लाल झालेली.

"मान्य आहे," म्हणाले.

त्यांना कुणी शिकवलं असेल? कुणी नाही. उभ्या माणसासमोर फार वेळ बसून राहिलं की बहुतेक हाच शब्द सुचत असावा.

मग सल्मे बसली. लांब मानेचा बसला. सगळ्यात शेवटी ते बसले. आणि त्यांनी विचारलं, "भर समुद्रात इंजिन बंद पडलं. आधी काय करशील?"

"माहीत नाही."

"आत्ता यानं सांगितलं. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. वायरलेसवर कळवायचं म्हणाला. माझ्या बाबांच्या बोटीवर वायरलेस नव्हता. नसेल तर काय करायचं ते मला माहीत नाही. ते शिकायला आलेय."

तरुणानं 'तुम्ही जाऊ शकता' म्हटलं. संपलं.

सल्मेनं हे सगळं सांगितलं आणि रश्श्याचा घोट घेतला. म्हणाली, "मला उभं राहायचं नव्हतं, आज्जी. 'दोष' म्हटलं आणि पाय आपोआप सरळ झाले."

कुणीतरी मान-सोकच्या बोटीबद्दल मोठ्यानं बोललं, त्या बोटीवर काय नव्हतं ते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. वडी गरम होती, जीभ भाजली, तेवढंच.

"तो उठला तेव्हा पोट टेबलाला लागलं का गं?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "लागलं. पाण्याचा ग्लास पडला."

"बघ."

"हं."

बसमध्ये ती झोपली. खिडकीतलं पांढरं जहाज दिसेनासं होईपर्यंत मी समोरच्या सीटचं कापड बघत होते.

छपरीत मी गोष्ट सांगितली. आता तिथे मात्र हात सैल सोडला. तिघंही ढसाढसा रडले, कॅप्टननं डोक्यावरची टोपी काढून सल्मेच्या पायाशी ठेवली, असं. तान्शिलनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तोंडावर बोलली."

"बोलली."

"मुलाखत घेणाऱ्याला."

"मधल्याला."

"मग जागा गेली," तान्शिल म्हणाली. "टोपीबिपी तुझ्याकडे ठेव. खालच्या गावात लोक हसून बोलतात म्हणून तुला वाटतं काहीही चालतं. माझ्या भाचीनं दुकानात मालकाला एक शब्द उलट विचारला, दुसऱ्या दिवशी शिफ्टच नाही. हसत हसत काढलं. वरच्या गावी निदान ओरडून काढायचे, कळायचं तरी."

"तुझी भाची उद्धट आहे."

"आणि तुझी?"

"माझी शिस्तीची आहे. म्हणून तर झालं."

तान्शिल हसली नाही. तिनं तिच्या टोपलीतली अर्धी भाजी माझ्या टोपलीत टाकली. ती असंच करते. नंतर मोजते आणि माझ्याकडे जास्त का म्हणून भांडते.

निकालाची वाट बघायची म्हणजे काय करायचं असतं, ते आम्हा दोघींना येत नाही. वाट बघायला आधी काहीतरी हवं असावं लागतं, आणि हवं असायची सवय मोडलेली. सल्मे कामाला जायची, यायची, मोजे धुऊन वाळत घालायची. मास्तरणीला तिनं फोनवर सगळं सांगितलं, तर मास्तरीणच रडली. सल्मे फोन कानापासून लांब धरून बसली. मग मला हळूच विचारलं, "आता मी काय म्हणू?" मी म्हटलं, "म्हण, जेवलात का?" तिनं विचारलं. पलीकडचं रडणं थांबलं.

निकालाच्या दिवशी तिला हॉटेलात दुपारची शिफ्ट होती. यादी फोनवरच दिसते. मी म्हटलं, "बघ की." ती म्हणाली, "आल्यावर बघते." गेली. मी दिवसभर काहीतरी करत होते, काय ते आठवत नाही. किमचीचा डबा पुसला असेल.

संध्याकाळी आली. चपला काढल्या. तांदूळ धुवायला घेतले. पाणी एकदा ओतलं, दोनदा ओतलं.

"आज्जी, नाव आहे."

"कुठे?"

"यादीत."

"कुणाचं?"

"माझं. आणि त्या लांब मानेच्याचं."

"बरं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली, आणि कुकरचं झाकण लावलं.

बस, इतकंच. टीव्हीत दाखवतात तशा आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो नाही. मी उठून दोन अंडी फोडली भातावर, एरवी एक फोडते. तिनं ते बघितलं. त्या मधल्या कॅप्टननं नाव घातलं, की डावीकडच्या बाईनं घालायला लावलं, की नुसत्या मार्कांनी आलं, ते आम्हाला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी छपरीत जाऊन मी सांगितलं, "सल्मेला जागा मिळाली."

"हो का," तान्शिल म्हणाली. "आणि कॅप्टननं आपला मुलगा पण दिला असेल."

"अगं, खरंच मिळाली."

"टोपीसारखी?"

शपथ घेतली, तर बाकीच्या म्हाताऱ्या अजूनच हसल्या. आयुष्यभर लोकांना थापा मारल्या त्या सगळ्यांना खऱ्या वाटल्या, आणि एकदा खरं सांगितलं तर ही गत. शेवटी सल्मे कचरा टाकायला खाली आली तेव्हा तान्शिलनं तिला अडवलं. "पोरी, तुझी आजी म्हणते ते खरं का?"

"कुठलं?"

"जहाजाचं."

"हो."

तान्शिल उठली. गुडघे धरून उठली, सल्मेसमोर उभी राहिली. म्हणाली, "मी म्हणत होते जागा गेली. चुकलं माझं." मग जरा थांबून, आवाज बारीक करून, "आता तू त्या मोठ्या जहाजावर गेलीस ना, की वर बघू नकोस. आपल्या वरच्या गावाकडे. नुसतं पुढे बघ."

सल्मेनं मान हलवली. कचऱ्याची पिशवी हातातच होती.

जायच्या दिवशी मी तिला बस स्टँडवर सोडायला गेले. कॉलेजातली मुलं पहिल्याच दिवसापासून तिथेच राहतात, पहाटे रांगेत उभी राहतात, गणवेश घालतात. केस कानापर्यंत कापायला सांगितले होते. तान्शिलनंच कापून दिले. मानेवर पांढरी रेघ उमटली होती, ऊन न लागलेली. बसला वेळ होता. बाकावर बसलो. सल्मेनं गॅसचा कॉक बंद करायचा, औषध सकाळचं सकाळी घ्यायचं, अनोळखी फोनला गोष्टी सांगत बसायचं नाही, असं सगळं मला पुन्हा सांगितलं. मी हं हं म्हटलं.

मग म्हणाली, "आज्जी, तिथे गेल्यावर मला काही वाटेल का गं?"

"काय वाटेल?"

"म्हणजे भीती. नाहीतर बरं. बाबांचं काहीतरी. आत्ता काहीच वाटत नाही. जागा मिळाली तेव्हापण नाही वाटलं. मी खूप वाट बघितली."

मला माहीत होतं ती कशाची वाट बघत होती. मी म्हटलं, "आधी ओकारी येईल. बोट हलली की सगळ्यांना येते. आतडी तोंडाशी येतात. एकदा ती आली, की तिच्या मागोमाग हळूहळू बाकीचं येत असेल."

"तुला कसं माहीत?"

जिभेवर चांगली गोष्ट तयार होती. माझी एक मावशी होती, तिनं समुद्राच्या राजाच्या घरी धुणं धुतलं होतं. पण सल्मे माझ्याकडे बघत होती, कापलेल्या केसांनी तिचे कान मोठे दिसत होते, अगदी मान-सोकसारखे.

"नाही माहीत," मी म्हटलं. "मी कुठे गेलेय समुद्रावर? बंदरात जन्म गेला, पण बाईला कुणी बोटीवर चढूच दिलं नाही. येताना त्या नदीत होडीच्या तळाशी पालथी पडून आले, तेवढीच."

सल्मेनं बॅग पायाशी ओढून घेतली.

"वर्षातून एकदा घरच्यांना जहाज बघायला बोलावतात," ती म्हणाली. "ये."

"वर चढू देतात?"

"देतात."

"बायकांना?"

"आज्जी," ती म्हणाली, "मी काय खालून चालवणार आहे का ते?"

बस लागली. तिनं बॅग आत टाकली, चढली, खिडकीशी बसली. मी खाली उभी. ती हात हलवील म्हणून मी हात थोडा वर करून ठेवला होता. पण तिनं डोकं काचेला टेकवलं आणि बस सुटायच्या आधीच झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मी काच ठोकली नाही. ड्रायव्हरला जाऊन सांगितलं, "ती कानापर्यंत केस कापलेली मुलगी शेवटच्या स्टॉपला उठवा. जहाजावरची अधिकारी आहे ती."

ड्रायव्हर म्हणाला, "हो का, आजी," आणि दार लावून घेतलं.